खराब चित्रांचा रकाना

२ डिसेंबर

दुकान बंद करून आज पाच महिने झाले. छत्तीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली. मग लोकांनी मनगटं मोकळी ठेवायला सुरुवात केली, वेळ बघायला खिशातून फोन काढायला लागले. दोष कुणाचाच नाही. पण सकाळी उठून जायला जागा नसली की माणूस घरातल्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटतो. हे ताईचं म्हणणं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वय बहात्तर. मी एकसष्ट. तिने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, त्यामुळे या घरात आम्ही दोघंच. मला ती अजून छोट्या म्हणते, परक्या माणसांसमोरसुद्धा.

आज फोटोवाला आला होता. दुकानात माझा शेजारी. त्याने त्याचा जुना कॅमेरा आणि एक लांब भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "घड्याळजी, तारेही घड्याळासारखेच फिरतात. लागा कामाला." मृग नक्षत्रात तीन तारे एका रेषेत असतात, त्यांच्या खाली एक पुसट ठिपका दिसतो. तो म्हणजे तेजोमेघ, नवे तारे जिथे तयार होतात ती जागा. त्याचं चित्र आपल्या अंगणातून काढायचं.

मी म्हटलं, आमचं अंगण म्हणजे तीन भिंतींमधला चौकोन. डावीकडे रस्त्याचा दिवा, उजवीकडे पेट्रोल पंप, वर नारिंगी आकाश. तिथून चंद्र दिसला तरी पुष्कळ.

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय," तो म्हणाला. "सोपं असतं तर मीच काढलं असतं."

६ डिसेंबर

दोन फळ्या, मध्ये बिजागरी, बिजागरीचं टोक ध्रुवताऱ्याकडे. वरच्या फळीवर कॅमेरा. खाली एक स्क्रू फिरतो आणि वरची फळी हळूहळू उचलली जाते, म्हणजे कॅमेरा ताऱ्याच्या मागे जातो. स्क्रू फिरवायला मी भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाचं यंत्र लावलं. दुकानातलं ते घड्याळ कुणी न्यायलाच आलं नव्हतं.

तारे रोज जवळजवळ चार मिनिटं आधी उगवतात. जन्मभर लोकांची पुढे पळणारी घड्याळं मागे आणली, आता एक मुद्दाम पुढे पळवायचं. फोटोवाला म्हणतो, अर्ध्या मिनिटाच्या चित्रात एवढ्याने काही बिघडत नाही. त्याचं बिघडत नसेल.

ताई दारात उभी राहून बघत होती. "शिट्टी कसली वाजवतोयस?" म्हणाली. मला कळलंही नव्हतं.

९ डिसेंबर

पहिली रात्र. मागच्या दाराबाहेर लाकडी फळ्यांचा ओटा आहे. त्याच्या एका टोकाला रस्त्याच्या दिव्याची तिरीप येत नाही, तिथे सगळं मांडलं. कॅमेरा आपोआप अर्ध्या मिनिटाचं एकेक चित्र घेत राहतो, साडेनऊपासून बारापर्यंत. जवळ थांबायची गरज नाही, उलट थांबूच नये. मी पुढच्या खोलीत रेडिओ कानाला लावून बसलो.

चित्र पाहिलं तर चहा. अक्षरशः चहाचा रंग. मध्ये कुठेतरी एक फिकट डाग. मी कपाळाला हात लावला. फोटोवाला मात्र खूश. तो म्हणतो, एका चित्रात काही नसतं. शेकडो चित्रं एकावर एक ठेवून संगणकाने सरासरी काढली की दाणेदारपणा जातो आणि खरं आहे ते वर येतं. आपल्या आकाशाला निदान पाच हजार चांगली चित्रं लागतील. मार्चअखेर मृग मावळतीला जाईल, तोवर वेळ आहे.

वहीत दोन रकाने आखले: चांगली आणि खराब. कॅमेरा प्रत्येक चित्रावर वेळ टाकतो, ती खराब रकान्यात लिहीत जाणार. घड्याळाचा दोष शोधायचा तर तो कधी येतो हे आधी लिहून ठेवावं लागतं.

आज खराब: बारा. १०:४१ ते १०:४७. एका कडेने पिवळी धुकट झालेली.

१३ डिसेंबर

पुन्हा पिवळी. १०:३५ ते १०:४२. शेजारच्या वकिलाच्या भिंतीवरचा दिवा असणार म्हणून सकाळी तावातावाने गेलो. वकीलसाहेब आठवडाभर परगावी आहेत आणि तो दिवा दोन वर्षं बंद आहे. त्यांच्या बायकोने हे इतकं गोड बोलून सांगितलं की माघारी येताना पाय घरात लवकर पोचेनात.

१७ डिसेंबर

फोटोवाल्याने एका मिनिटात सांगितलं. "हा पिवळा पट्टा म्हणजे खिडकी आहे. तुमच्याच स्वयंपाकघराची."

ताईला विचारलं. "पाणी प्यायला उठते," म्हणाली. मी म्हटलं, सात मिनिटं पाणी? "वयाने गिळायला वेळ लागतो." मी जरा चिडूनच सांगितलं की बारापर्यंत तो दिवा लावू नकोस, तेवढं तरी कर माझ्यासाठी. ती लगेच "बरं" म्हणाली. ताई इतक्या पटकन कशालाच बरं म्हणत नाही. मला बरं वाटलं.

२१ डिसेंबर

२८२ चित्रं, खराब शून्य. वा.

२८ डिसेंबर

ताईला हल्ली दुकानांच्या काचा बघायचा नाद लागलाय. बाजारात निघालो की दर चार दुकानांमागे थांबते. चपलांच्या दुकानासमोर थांबली, ठीक. भांड्यांच्या, ठीक. पण आज नळाच्या सामानाच्या दुकानासमोर तीन मिनिटं उभी. मी विचारलं, तोट्या घ्यायच्यात का? "बघू दे की रे," म्हणाली. पिशव्या माझ्याच हातात होत्या.

३ जानेवारी

माझी उशी ताईने नेली. तिच्या दोन आहेत, शिवाय माझी. मानेला बरं पडतं म्हणे. मी घडी केलेल्या शालीवर झोपतोय.

५ जानेवारी

नवीन भानगड. पिवळं काही नाही, पण तारे हललेत. ठिपक्याऐवजी बारीक रेघ. १०:३८ ते १०:४७, अठरा चित्रं. आधी आणि नंतर सगळं स्वच्छ.

फोटोवाला म्हणतो, पावणेतीनशेत अठरा गेली तर फेकून द्या, काय फरक पडतो? त्याला कसं समजवायचं? दिवसातून एकदाच चुकणारं घड्याळही चुकीचंच असतं. कारण कळत नाही तोवर मला ते टेबलावरून उठू देत नाही.

९ जानेवारी

पुन्हा. १०:३३ ते १०:४३. रोज जवळपास तीच वेळ, रात्रीतून एकदाच. म्हणजे यंत्रातलं सगळ्यात सावकाश फिरणारं चाक. त्याचा एखादा दाता झिजला असणार, आणि तो दाता रोज साडेदहाच्या सुमाराला वर येतो.

यंत्र उघडलं. सगळे दाते भिंगाखाली तपासले. एकही झिजलेला नाही. तरी चाक बदललं.

१४ जानेवारी

चाक बदलूनही तेच. १०:३६ ते १०:४७. आज यंत्राला जोर देणारी कमान बदलली.

ताई माझ्या चपला घालून घरभर फटक फटक फिरते. तिच्या म्हणे आवळल्या. चपला कशा आवळतील? उशी गेली, चपला गेल्या, आता चष्मा तेवढा राहिलाय. तिला म्हटलं तर हसली आणि मग खोकला लागला. हवा कोरडी आहे.

१९ जानेवारी

आज माझं गणितच कोसळलं. नऊला सुरू केलं होतं. दोष ९:३२ लाच आला, तासभर आधी. यंत्राला चावी नेहमीच्याच वेळी दिली होती. चाक तेच, कमान नवी, तेलही नवं. दाता एक तास आधी वर येईलच कसा?

डोकं चालेना म्हणून ताईशी बोलावं म्हटलं, पण ती आठलाच झोपायला गेली होती. दमल्यासारखं वाटतंय म्हणाली. दिवसभर तिने केलं तरी काय? एक साधा पलंगपोस बदलला.

२७ जानेवारी

१०:२९ ते १०:४३.

३० जानेवारी

१०:३१ ते १०:४५. यंत्र सतरा वेळा उघडून झालं. हात टेकले. एवढा खट्याळ दोष छत्तीस वर्षांत बघितला नाही.

३ फेब्रुवारी

फोटोवाल्याने आतापर्यंतची दोन हजार नऊशे चांगली चित्रं एकत्र केली आणि मला बोलावलं. पडद्यावर बघितलं. चहा गेला. काळ्यावर गुलाबी, मध्ये पांढरट, पंख पसरल्यासारखं काहीतरी. आमच्या पेट्रोल पंपाच्या वर हे कायम होतं.

ताईला दाखवायला धावत घरी आलो. ती खुर्चीतच डुलकी घेत होती. उठवलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छोट्या, हे पूर्ण कर. मध्ये काहीही झालं तरी सोडू नकोस." मला वाटलं माझं कौतुक करतेय. मी फुगून गेलो.

१० फेब्रुवारी

ठरलं. उद्या आत बसायचं नाही. ओट्यावरच्या पाण्याच्या टाकीमागे घोंगडी घेऊन बसणार आणि यंत्राला कान लावणार. उजवा कान अजून शाबूत आहे. साडेदहाला तो दाता काय करतो ते ऐकूनच उठेन.

१२ फेब्रुवारी, पहाटे, दवाखान्याच्या बाकावर

काल जे झालं ते क्रमाने लिहितो.

साडेनऊला टाकीमागे बसलो. यंत्र छान चाललं होतं, दोन्ही ठोके सारखे. साडेदहा वाजले. काही नाही. १०:३४ ला मागचं दार उघडलं. दिवा न लावता, भिंतीला धरून, ताई बाहेर आली. पायात माझ्या चपला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, पुढे वाकली आणि तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागली. पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे हलत होते आणि खांद्यांबरोबर ओट्याच्या फळ्या. मला बसल्या जागी ते खालून जाणवत होतं.

दाता सापडला.

मी उठलो तर ती दचकली. पहिलं वाक्य काय बोलली? "चित्रं बिघडली का रे?"

मी तिला म्हटलं, चल डॉक्टरकडे. म्हणाली, "होतं थोड्या वेळाने बरं. रोजच होतं." रोजच. मी गाडी बोलावली. ती नको नको म्हणत होती, पण उठताना तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. तिचे पाय पाहिले. घोट्याला बोट लागलं तर खळगा तसाच राहिला.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. विचारलं, "असा त्रास कधीपासून होतोय?"

"कधीतरी. खास असं काही नाही," ताई.

"आठवड्यातून किती वेळा?"

"एखादवेळ."

"झोपल्यावर किती वेळाने जाग येते?"

"घड्याळ कोण बघतं हो," ताई म्हणाली.

वही माझ्या कोटाच्या खिशात होती. कायमच असते. मी ती काढून टेबलावर ठेवली. बाईंनी पानं उलटली. "हे काय आहे?"

मी म्हटलं, खराब चित्रं. फोटोवाल्याला फोन केला होता, तो आला होता, त्याने सगळं समजावून सांगितलं. बाई बोट ठेवून वाचत होत्या. नऊ डिसेंबर, सहा मिनिटं. तेरा तारखेला सात. जानेवारीत नऊ, दहा, अकरा. महिन्याअखेर चौदा. मग विचारलं, "या झोपतात कधी?" नऊला. "आणि एकोणीस जानेवारीला एक तास आधी का?"

"त्या दिवशी ती आठला झोपली," मी म्हटलं. म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं.

बाई ताईकडे वळल्या. "आडवं झाल्यावर दीड तासाने छातीत पाणी साचतं आणि तुम्हाला उठवतं. दोन महिने. हृदय नीट पंप करत नाहीये. उशा किती घेता?"

"तीन," ताई म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मी त्या दुकानांच्या काचांचा विचार करत होतो. नळाच्या तोट्या.

एकवीस डिसेंबरच्या पानावर मी लिहिलंय, खराब शून्य, वा. त्या रात्री ती अंधारात स्वयंपाकघरात बसली होती. मी सांगितलं होतं म्हणून. दिवा लावू नकोस, तेवढं तरी कर माझ्यासाठी. मी तिला अंधारात बसवलं आणि वर वा लिहिलं. ते पान फाडावंसं वाटतंय. फाडणार नाही.

१३ फेब्रुवारी

ऑक्सिजन लावलाय. इंजेक्शनाने पाणी उतरतंय. बाई म्हणाल्या, "आणखी महिना गेला असता तर मला वेगळं काहीतरी सांगावं लागलं असतं." त्या पुढेही काहीतरी म्हणाल्या, पण मला एवढंच आठवतं.

१५ फेब्रुवारी

आज ती बोलण्याइतकी बरी होती, म्हणून भांडलो. सांगितलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर?

ताई छताकडे बघत म्हणाली, "दुकान बंद झाल्यावर पाच महिने तू ताटाकडे बघून जेवलास. मी विचारलं तर हं, नाहीतर अं. मग त्या फळ्या ठोकल्यास आणि शिट्टी वाजवलीस. मला वाटलं, मार्च होऊ दे, मग सांगू."

"आणि मार्चपर्यंत टिकली नसतीस तर?"

"तर तुझी रोजची पंचवीस-तीस चित्रं वाचली असती."

मी उठून बाहेर गेलो. बाकावर बसून रडलो. एका वॉर्डबॉयने पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही, त्याचे आभार मानायचे राहिले.

२० फेब्रुवारी

ताई घरी. सकाळी दोन गोळ्या, दुपारी एक, मीठ जवळपास बंद. बिनमिठाच्या जेवणाला ती जी नावं ठेवते ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. स्वयंपाकघरात आता रात्रभर दिवा. कॅमेरा कपाटात.

२६ फेब्रुवारी

ताईने कपाट उघडून कॅमेरा टेबलावर ठेवला. मी परत आत ठेवला. जेवताना पाहिलं तर माझ्या ताटाशेजारी कॅमेरा.

मी म्हटलं, मला नको ते चित्र. त्याच्यापायी काय झालं असतं माहीत आहे.

"त्याच्यापायीच कळलं," ताई म्हणाली. "नाहीतर मी त्या बाईला एखादवेळ म्हणून घरी आले असते. तुझं गणित अर्धवट राहिलं की तू कसा वागतोस ते मला माहीत आहे. आत्ता कुठे मला नीट श्वास घेता येतोय, तेवढ्यात तू तोंड पाडून बसू नकोस."

शेवटी तह झाला. चित्रं काढायची, पण तिला जाग आली तर दिवा लावायचा, तोही मोठा. दिवा लावला नाही तर कॅमेरा मी फोटोवाल्याला परत करणार. ताई म्हणाली, "बरं." या वेळी मी तिचा चेहरा नीट बघून घेतला.

४ मार्च

१०:२० ते १०:२४. पिवळी. खिडकीचा पट्टा चित्रभर पसरलेला. इतकं सुंदर खराब चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं. जाऊन बसलो तिच्याजवळ. चार मिनिटांत तिला बरं वाटलं. गोळीची मात्रा वाढवावी का ते उद्या विचारतो.

९ मार्च

१०:२६ ते १०:२८. पिवळी. बाईंनी मात्रा वाढवली होती. वही दाखवली की त्या आता आधी खराबचा रकाना बघतात.

१४ मार्च

आज बाजारात ताई एकाही दुकानासमोर थांबली नाही. नळवाल्याच्या दुकानापाशी मीच थांबलो. म्हणाली, "चल की, काय बघतोयस?"

२१ मार्च

मृग आता लवकर पश्चिमेला कलतो. आज बहुधा शेवटची रात्र. आठ ते पावणेअकरा. ताई नऊला झोपली.

पावणेअकराला कॅमेरा आत आणला आणि चित्रं चाळली. शेवटचं आकाश अगदीच नारिंगी, खाली वकिलाच्या गच्चीचं टोक आलंय. पण तारे सगळे ठिपके. कुठे पिवळं नाही, कुठे रेघ नाही. ३०९ चित्रं. मागची मिळून चार हजार आठशे साठ झाली. पाच हजार होत नाहीत, फोटोवाला म्हणतो चालेल.

खराब रकान्यात शून्य लिहिणार, तेवढ्यात पेन खाली ठेवलं. मागचं शून्य मी असंच लिहिलं होतं. आधी स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबलं. दिवा लागला, म्हणजे तो गेलेला नाही. ओट्यावर जाऊन दुसरं टोक हाताने चाचपलं. फळ्या गार होत्या, कुणी बसलेलं नव्हतं. मग ताईच्या दाराशी जाऊन उजवा कान लावून उभा राहिलो. बराच वेळ. श्वास येत होता आणि जात होता, दोन्ही सारखे.

खोलीत आलो, शून्य लिहिलं, दिवा मालवला आणि झोपायला गेलो. पलंगावर शाल नव्हती. माझी उशी परत आली होती.